खेळाडू तंदुरुस्त आहे की नाही, हे फिजिओला ठरवू द्या

पुण्यातील फुटबॉल क्लबांचे मालक, मुख्य प्रशिक्षक आणि संघ व्यवस्थापक यांना,

सप्रेम नमस्कार.

नव्या हंगामासाठी तुमची संघबांधणी सुरू आहे. आघाडीला कोण, बाहेरचा खेळाडू घ्यायचा का, जर्सीवर कोणाचं नाव, सरावाला कुठलं मैदान मिळतंय, यावर महिनोन्‌महिने चर्चा होते. संघासोबत फिजिओ कोण असणार हा विषय मात्र बहुतेक वेळा पहिल्या सामन्याच्या आठवडाभर आधी निघतो, तोही "बाकावर कुणीतरी बसवा" अशा थाटात. मी याच शहरात क्रीडा फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. बालेवाडीपासून एसएसपीएमएसच्या मैदानापर्यंत, पगारी संघांसाठी आणि जिल्हा लीगमध्ये खेळणाऱ्या पोरांसाठीही, बर्फाची पेटी घेऊन टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, बसत आले आहे. तुमच्याकडे मला एकच गोष्ट मागायची आहे, आणि ती यंत्रांची किंवा पैशांची नाही.

दुखापतीतून परतणारा किंवा दुखापतीची शंका असलेला खेळाडू मैदानात उतरेल की नाही, याचा शेवटचा निर्णय संघाच्या डॉक्टर-फिजिओचा असू द्या. प्रशिक्षकाचा नको, मालकाचा नको, आणि खुद्द खेळाडूचाही नको. हा निर्णय लेखी असू द्या आणि तो फिरवण्याची मुभा कुणालाही ठेवू नका.

हे मी का मागते आहे, ते जरा सविस्तर सांगते.

दुखापत हा नशिबाचा भाग आहे, असं आपल्याकडे अजून सर्रास बोललं जातं. कुणी मागून येऊन घोट्यावर टॅकल केलं तर त्यात नशीब असेल. पण युरोपच्या बड्या क्लबांमधल्या दुखापतींची नोंद युएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, २००१ पासून ठेवत आली आहे. स्वीडनच्या यान एकस्ट्रँड यांनी उभ्या केलेल्या या अभ्यासाचे आकडे वेगळंच सांगतात. सगळ्या दुखापतींत स्नायूंच्या दुखापती जवळपास एक तृतीयांश निघाल्या, आणि त्यातल्या ९६ टक्के कुणाचाही धक्का न लागता झालेल्या होत्या. खेळाडू एकटा धावत होता, एकटा वळत होता, एकटा शॉट मारत होता आणि स्नायू गेला. त्यात मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, सगळ्यांत पुढे. २००१-०२ मध्ये एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा १२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये २४ टक्क्यांवर गेला. खेळ वेगवान झाला, सामने वाढले आणि दोन सामन्यांमधली विश्रांती कमी झाली, ही त्याची सर्वसाधारणपणे दिली जाणारी कारणं.

याच अभ्यासाचा आणखी एक आकडा प्रत्येक मालकाने लक्षात ठेवावा असा आहे. पंचवीस जणांच्या व्यावसायिक संघाला एका मोसमात साधारण पन्नास दुखापती होतात, म्हणजे माणशी दोन. ज्यांच्याकडे डॉक्टरांची फौज आहे, हिरवळ गालिच्यासारखी आहे, त्या क्लबांची ही गत. तेव्हा "आमच्या संघात यंदा दुखापत होणार नाही" असं नियोजन करून चालणार नाही. दुखापती होणारच. त्यांतल्या किती टाळता येतील आणि किती पुन्हा होण्यापासून वाचवता येतील, एवढाच काय तो आपल्या हातातला भाग. माझ्या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ पुन्हा झालेल्या दुखापतींत जातो आणि मला सगळ्यांत जास्त त्रास त्यांचाच होतो, कारण त्या बहुतेक वेळा टाळता आल्या असत्या.

एका विंगरची, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणाऱ्या खेळाडूची, गोष्ट सांगते. क्लबचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण हे कुठल्याही क्लबमध्ये घडू शकतं. पोरगा विशीतला, गावाकडून आलेला, पहिलाच पगारी करार. उपांत्यपूर्व सामन्यात उजव्या मांडीच्या मागे ओढल्यासारखं झालं आणि तो बाहेर आला. चार-पाच दिवसांत चालताना दुखेना, आठवड्यात जॉगिंग सुरू झालं. सगळ्यांना वाटलं, बरा झाला. मी त्याला रोज पळवून बघत होते. पाऊण वेगापर्यंत तो मस्त पळायचा. पण पूर्ण वेग लाव म्हटलं की पाऊल लांब पडायचं नाही. शेवटच्या दहा मीटरमध्ये शरीर आपोआप उजवा पाय आखडता घ्यायचं. त्याला स्वतःला ते जाणवत नव्हतं, बाजूला उभं राहून बघणाऱ्याला स्पष्ट दिसत होतं. पालथा झोपवून टाच दाबून बघितली तर डाव्या पायाइतका जोर उजव्यात नव्हता. मी सांगितलं, अजून दहा दिवस द्या.

उपांत्य सामना त्याआधी होता. मैदानावर जाताना बसमध्ये प्रशिक्षकांनी त्याला विचारलं, "खेळशील ना रे?" तो म्हणाला, "हो सर."

दुसऱ्या काय उत्तराची अपेक्षा होती? ज्याचा करार मोसमाअखेर संपतोय, ज्याची जागा घ्यायला दोघं बाकावर तयार बसलेत, तो "नाही सर" म्हणेल? दुसऱ्या सत्रात बचावपटूच्या पाठीमागे टाकलेल्या चेंडूवर तो सुटला आणि पाच-सात पावलांत त्याचा हात मांडीच्या मागे गेला. फुटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला तो हात ओळखता येतो. पहिल्या वेळी तंतूंना थोडी इजा होती, या वेळी स्नायू चांगलाच फाटला होता. मोसम संपला आणि करार पुढे सरकला नाही.

त्या प्रशिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांना सामना जिंकायचा होता, ते त्यांचं कामच आहे. म्हणूनच हा निर्णय त्यांच्याकडे नको. ज्याला आज संध्याकाळचा निकाल हवा आहे, त्याला त्या पोराचे पुढचे तीन महिने तटस्थपणे मोजता येत नाहीत. खेळाडूलाही येत नाहीत. मी त्या जागी असते तर मलाही आले नसते.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे असं समजू नका. ऑगस्ट २०१५ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या चेल्सी आणि स्वान्सी यांच्या सामन्यात चेल्सीचा एडन हॅझार्ड पडला तेव्हा रेफ्रींनी खुणावल्यावर चेल्सीच्या डॉक्टर इव्हा कार्नेरो मैदानात धावल्या. चेल्सीचा गोलरक्षक आधीच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला होता. उपचार घेतलेल्या खेळाडूला बाहेर जावं लागतं, त्यामुळे संघ काही काळ नऊ जणांवर आला. प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांनी जाहीरपणे वैद्यकीय पथकावर टीका केली, डॉक्टरांना सामन्याच्या कामातून बाजूला केलं गेलं आणि काही आठवड्यांत त्यांनी क्लब सोडला. २०१६ मध्ये प्रकरण लवादासमोर मिटलं, तेव्हा क्लबने त्यांची बिनशर्त माफी मागितली. रेफ्रींनी बोलावल्यावर जखमी माणसाकडे धाव घेतली, इतकाच काय तो त्यांचा "अपराध" होता. जगातल्या सगळ्यात श्रीमंत लीगमध्ये डॉक्टरवर ही वेळ येते, तर आपल्या तात्पुरत्या मानधनावर नेमलेल्या फिजिओने प्रशिक्षकासमोर उभं राहून "नाही" कसं म्हणायचं?

आता तुम्ही म्हणाल, यात क्लबचा काय फायदा? फायदा आहे, आणि तोही मोजलेला आहे. युएफाच्याच अभ्यासात नऊ देशांतले क्लब अकरा मोसम पाहिले गेले. ज्या मोसमात क्लबच्या दुखापती कमी, त्या मोसमात लीगमधलं स्थान वर, असा थेट संबंध निघाला. दुसरा अभ्यास तर माझ्या मागणीच्या मुळाशीच आहे. सतरा देशांतल्या छत्तीस क्लबांना विचारलं गेलं की मुख्य प्रशिक्षक आणि वैद्यकीय पथक यांच्यात बोलणं कसं आहे. जिथे संवाद वाईट, तिथे दुखापतींचा भार जास्त आणि सामन्याला उपलब्ध खेळाडू कमी. जिममधली यंत्रं कितीची, यापेक्षा दोन माणसं एकमेकांशी धड बोलतात का, यावर बरंच काही ठरतं.

परतीचा दिवस ठरवण्यासाठीही आता नुसत्या अंदाजावर राहावं लागत नाही. दुखापतीनंतर पहिला सामना खेळण्याआधी खेळाडूने संघासोबत जितके पूर्ण सराव केले असतील, तितकी पुन्हा दुखापतीची शक्यता कमी होते; प्रत्येक सरावामागे साधारण सात टक्क्यांनी. फिजिओने रजा दिली आणि दुसऱ्याच दिवशी नव्वद मिनिटं, हे म्हणून घातक. गुडघ्याच्या एसीएलची (गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या अस्थिबंधाची) शस्त्रक्रिया झाली असेल तर नऊ महिन्यांच्या आत परतायचंच नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत परतीला एकेक महिना उशीर केला तर पुन्हा गुडघा जायचा धोका जवळपास निम्म्याने घटत जातो. सहाव्या महिन्यात पोराचा गुडघा दुखत नाही, सूज नाही, तो उड्या मारतो, आणि क्लबचे फोन सुरू होतात. तेव्हा त्याच्या बाजूने उभं राहणारं कुणीतरी लागतं.

यातूनच दुसरा मुद्दा येतो, लपवलेल्या दुखापतींचा. माझ्याकडे खेळाडू रात्री मेसेज करतात, "मॅडम, कुणाला सांगू नका, जांघेत दुखतंय." सकाळी मैदानावर ते हसत पळत असतात. सरावाआधी गुपचूप पेनकिलर घेणारे मी पाहिले आहेत. कुणा ओळखीच्याकडून ताजी दुखापत चोळून घेणारेही पाहिले आहेत. फाटलेल्या स्नायूला पहिल्या दोन दिवसांत जोरात मालिश केली की आतला रक्तस्राव वाढतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ते असं वागतात कारण दुखतंय म्हटलं की जागा जाते, आणि जागा गेली की करार जातो. फिफाच्या नियमांनुसार खेळाडूच्या कराराची वैधता वैद्यकीय तपासणीच्या निकालावर अवलंबून ठेवता येत नाही, आणि ठोस कारण नसताना करार मध्येच मोडता येत नाही. पण आपल्याकडच्या किती पोरांना हे माहीत असतं? करारपत्र वाचायलाही त्यांना नीट वेळ दिला जात नाही. तेव्हा तुम्हीच त्यात स्पष्ट लिहा: संघासाठी खेळताना दुखापत झाली तर उपचार, शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची फिजिओथेरपी यांचा खर्च क्लब किंवा क्लबने काढलेला विमा करेल, आणि त्या काळात पगार चालू राहील. एसीएलच्या ऑपरेशनचा खर्च लाखाच्या वर जातो. तो खेळाडूच्या घरच्यांवर पडणार असेल, तर तो पोरगा गुडघा डगमगत असतानाही तोंड उघडणार नाही.

पुण्याच्या बाबतीत एक गोष्ट विशेष आहे. इथे क्लब येतात आणि जातात. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, दुसरा आला होता. भारत एफसी एक मोसम खेळला. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगपर्यंत पोहोचला. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ एवढाच काळ राहिला. संघ बंद झाले, खेळाडू मात्र खेळत राहिले, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या जर्सीत, तोच जुना घोटा आणि तोच जुना गुडघा घेऊन. आधी झालेली दुखापत हा पुढच्या दुखापतीचा सगळ्यात मोठा इशारा असतो. तरीही नव्या क्लबमध्ये आलेल्या खेळाडूच्या शरीराचा इतिहास बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसतो. मी विचारते, "आधी काही झालं होतं का?" तो म्हणतो, "नाही." मग तपासताना घोट्यावर जुन्या टाक्यांची खूण सापडते. प्रत्येक खेळाडूची एक साधी वही असावी: कधी, काय झालं, किती दिवस बाहेर, एमआरआयचा अहवाल, परतताना दोन्ही पायांची ताकद किती होती. ती वही खेळाडूच्या मालकीची असावी आणि क्लब बदलताना त्याच्यासोबत जावी. याला एक रुपयाही लागत नाही. जिल्हा संघटनेने नोंदणीच्या वेळी ही वही मागायला सुरुवात केली तर एका मोसमात चित्र बदलेल, असं मला मनापासून वाटतं.

आता सरावाबद्दल. दुखापती कमी करणारी गोष्ट शोधायला परदेशी जायची गरज नाही, ती फिफाच्या संकेतस्थळांवर वर्षानुवर्षं फुकट आहे. "इलेव्हन प्लस" हा वॉर्म-अप ओस्लोच्या संशोधकांच्या मदतीने तयार झाला. आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, दोन मिनिटं वेगाचं धावणं. एकूण वीस मिनिटं, पंधरा व्यायाम. साहित्य म्हणाल तर एक चेंडू आणि खुणेसाठी ठेवायचे थोडे प्लास्टिकचे शंकू. नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याने एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्या. पुढे अमेरिकेतल्या कॉलेज संघांच्या पुरुष खेळाडूंमध्येही असाच निकाल आला. अट एवढीच की आठवड्यातून किमान दोनदा आणि मोसमभर केला पाहिजे. आपल्याकडे पहिल्या आठवड्यात उत्साहाने होतो आणि तिसऱ्या आठवड्यात "आज मैदान तासभरच मिळालंय" म्हणून पहिली कात्री वॉर्म-अपलाच लागते. तासभर मिळालं असेल तर चाळीस मिनिटं चेंडू खेळा, पण ती वीस मिनिटं काढू नका.

त्यातला एक व्यायाम मी जरा जवळून दाखवते, कारण हॅमस्ट्रिंगसाठी त्याच्याइतकं भक्कम पुरावे असलेलं दुसरं काही नाही. त्याला नॉर्डिक म्हणतात. खेळाडूने मॅटवर गुडघे टेकून ताठ बसायचं, मागे जोडीदाराने त्याचे दोन्ही घोटे जमिनीवर घट्ट दाबून धरायचे. मग कमरेतून न वाकता, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवून पुढे झुकायचं, जितकं हळू जमेल तितकं हळू. मांडीच्या मागचे स्नायू शरीराला धरून ठेवतात आणि एका क्षणी सोडतात, तेव्हा हात टेकून छाती जमिनीवर येते. पहिल्या दिवशी चांगले चांगले खेळाडू निम्म्यावरच धपकन आपटतात. काही आठवड्यांनी तेच खेळाडू जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत स्वतःला धरून ठेवतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघण्यासारखा असतो. डेन्मार्कमध्ये पन्नास संघांच्या नऊशेहून अधिक खेळाडूंवर हा प्रयोग झाला. ज्यांनी केला त्यांच्यात हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी. तिथला कार्यक्रम पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचचे दोन सेट, असा हळू सुरू होतो आणि दहा आठवड्यांत वाढत जातो. आपल्याकडे एखादे प्रशिक्षक व्हिडिओ बघून पहिल्याच दिवशी तीस नॉर्डिक करवतात, दोन दिवस पोरांना जिना उतरता येत नाही, आणि मग "हा व्यायाम पायाला वाईट" असा शिक्का बसतो. सामन्याच्या आदल्या दिवशी तर हे मुळीच करू नये. जांघेच्या दुखण्यासाठी असाच कोपनहेगन नावाचा व्यायाम आहे, त्याने नॉर्वेच्या संघांत जांघेच्या तक्रारींचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी घटला. आणि घोटा एकदा मुरगळला असेल तर एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव आणि काही महिने टेप किंवा ब्रेस, हे न चुकता.

हे सगळं बसवायला हंगामाआधी निदान सहा आठवडे लागतात. २०१४ च्या पहिल्या आयएसएलमध्ये संघांनी साखळीतले चौदा सामने दोनच महिन्यांत खेळले, मध्ये प्रवास वेगळा. ते वेळापत्रक तुमच्या हातात नव्हतं, मान्य. पण जिल्हा लीगचा कार्यक्रम, निवड चाचण्या आणि सराव कधी सुरू होणार हे तर इथेच ठरतं. पावसाळ्यात मैदानं चिखलात जातात म्हणून चार महिने पोरं टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, पाच-पाच जणांचे सामने खेळतात. मग पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या उन्हात, कडक झालेल्या मुरुमाच्या मैदानावर, अचानक रोज दीड तास. शरीराला इतका मोठा बदल एकदम सोसत नाही. नडगी दुखते, टाच दुखते, पोटरी धरते. पहिल्या दोन आठवड्यांत सराव कमी ठेवा आणि पायरी-पायरीने वाढवा, आणि आदल्या रात्रीचा सामना खेळून आलेल्याला सकाळी साडेसहाला धावायला लावू नका.

मैदानाबद्दल बोलायला हवंच. सामन्याआधी मी एक चक्कर मारते. कधी मांडवाच्या बांबूचा खड्डा वरवर माती टाकून बुजवलेला असतो, कधी पाण्याच्या नळाचं तोंड गवतात लपलेलं असतं. काही मैदानांच्या मधोमध क्रिकेटची खेळपट्टी आहे. मऊ जमिनीवरून धावत येणाऱ्या खेळाडूचा पाय त्या टणक पट्ट्यावर पडतो आणि स्टड, म्हणजे बुटाच्या तळाचे उंचवटे, घट्ट रुततात किंवा साफ घसरतात. कार्यक्रमानंतर राहिलेले खिळे मी स्वतः वेचले आहेत. व्यवस्थापकांनी सामन्याच्या दोन तास आधी दोन माणसं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवली तर किती घोटे वाचतील! बुटांचंही तसंच. नैसर्गिक गवताचे लांब स्टड घालून टर्फवर खेळू नये; पाय जमिनीला पकडून राहतो आणि गुडघा वळतो. टर्फसाठी वेगळा जोड परवडत नसेल तर क्लबने द्यावा. प्रायोजकांच्या ट्रॅकसूटपेक्षा त्याची गरज जास्त आहे.

डोक्याच्या मारावर मी काहीही तडजोड करणार नाही. हेडिंगला दोन डोकी आपटली, खेळाडू क्षणभर कोरा झाला, स्कोअर विचारला तर आठवेना, चालताना झोक गेला, तर तो त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. पाणी तोंडावर मारून "ठीक आहे ना?" विचारणं हा उपचार नाही. फुटबॉलचे नियम करणाऱ्या आयएफएबीने जुलै २०२४ पासून मेंदूच्या धक्क्यासाठी वेगळ्या बदली खेळाडूची तरतूद नियमांत घातली आहे. स्पर्धेच्या आयोजकांनी ती लागू केली की नेहमीच्या बदल्यांतला एकही खर्च होत नाही. आपल्या जिल्हा स्पर्धांत ती लागू करा.

आणि रुग्णवाहिका. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनियर गोल करून, गोलरक्षकाला धडकून कोसळला आणि गेला. जून २०२१ मध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन खेळता खेळता कोसळला. काही क्षणांत छाती दाबायला सुरुवात झाली, मैदानावरच विजेचा झटका देणारं यंत्र वापरलं गेलं, आणि तो पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळला. हृदय थांबल्यावर झटका द्यायला होणारा प्रत्येक मिनिटाचा उशीर वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करतो. संध्याकाळी सहाला बाणेर रस्त्यावरून रुग्णवाहिका बालेवाडीला किती वेळात पोहोचेल, हे तुम्हा-आम्हाला चांगलं माहीत आहे. म्हणून ती आधीपासून मैदानाच्या फाटकाशी उभी हवी, तिच्यापुढे कुणाची गाडी लावलेली नसावी, आणि झटका देणारं ते एईडी यंत्र डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बाकाशी, हवं, कार्यालयाच्या कुलपात नको. प्रत्येक प्रशिक्षकाला छाती दाबायचं प्रशिक्षण हवं. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मुलींच्या संघांविषयी थोडक्यात, पण कळकळीने. मुलींना एसीएलचा धोका मुलांच्या दोन ते तीन पट असतो, आणि तरीही सरावाची वेळ, मैदान आणि फिजिओ हे तिन्ही त्यांच्या वाट्याला शेवटी येतात. मुलींच्या संघासाठी फिजिओ आठवड्यातून एकदा येत असेल तर इलेव्हन प्लस रोज घेईल अशी एक व्यक्ती त्यांच्यातूनच तयार करा. मी शिकवायला येईन, त्याचे पैसे मला नकोत.

तुमच्या हातात करारपत्रं आहेत आणि ती याच आठवड्यात लिहिली जात आहेत. त्यात मला दोन कलमं हवी आहेत. एक खेळाडूच्या करारात: "दुखापतीमुळे किंवा दुखापतीची माहिती दिल्यामुळे हा करार संपवला जाणार नाही." दुसरं फिजिओ आणि मुख्य प्रशिक्षक या दोघांच्याही करारात, एकाच शब्दांत: "खेळाडू खेळण्यास योग्य आहे की नाही याबाबत वैद्यकीय पथकाचा लेखी निर्णय अंतिम राहील, त्या निर्णयामुळे वैद्यकीय पथकातील कोणालाही कामावरून दूर केले जाणार नाही." प्रशिक्षकांनी यावर मला शंका विचाराव्यात, वाद घालावा, कुठल्या चाचण्यांवर निर्णय होईल, हे आपण एकत्र बसून आधीच ठरवू आणि ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर लावू, म्हणजे ऐन सामन्याच्या दिवशी कुणाला धक्का बसणार नाही. बैठक तुम्ही ठरवा. सरावाआधी सकाळी चालेल, रात्री उशिरा चालेल. मी येते.

आपली,
एक क्रीडा फिजिओथेरपिस्ट, पुणे